वेल माजला, पण फळ धरेना: इंदूरच्या घरबागेत फळधारणा का अडते आणि काय करायचं

दुधीचा वेल कठडा ओलांडून शेजारच्या गच्चीत पोचलाय, पानं वीतभर रुंद, रोज संध्याकाळी पांढरी फुलं उमलतात, पण वेलावर दुधी एकही नाही. टोमॅटोचं झाड छातीपर्यंत आलंय, फुलांचे झुबके येतात आणि देठासकट गळतात. सुदामानगर असो की वैशालीनगर, घरी भाज्या लावणाऱ्यांची ही तक्रार ठरलेली. त्यावरचा घरगुती उपायही ठरलेला: आणखी खत. बहुतेक वेळा नेमकं तिथेच चुकतं.

झाड हिरवंगार आहे, म्हणजे मुळं ठीक आहेत, पाणी पोचतंय आणि नत्र, म्हणजे नायट्रोजन, भरपूर आहे. फळ धरायला याशिवाय पुरेसं ऊन लागतं, हवा सोसवेल इतकीच गरम-थंड लागते आणि परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलातल्या मादी भागाच्या टोकावर, पोचावे लागतात. यातलं काहीही खताच्या पिशवीतून येत नाही. म्हणून आधी फुलाकडे बघायचं, गाडी कुठे अडली ते ठरवायचं आणि तेवढंच दुरुस्त करायचं.

आधी आठ दिवस फुलांवर नजर ठेवा

या आठ दिवसांत खत, फवारणी, छाटणी काहीही करू नका. रोज सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा झाडाजवळ पाच मिनिटं थांबा. गळून पडलेलं जे सापडेल ते उचलून तळहातावर घेऊन बघा.

कळीच येत नसेल, नुसता पाला वाढत असेल, तर कारण नत्र, सावली किंवा चुकलेला हंगाम. कळ्या येतात पण उमलायच्या आधीच पिवळ्या होऊन गळतात, असं असेल तर कळी चिमटीत उकलून पांढऱ्या कागदावर झटका. बारीक, लांबट, पिवळसर किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे. मिरचीत हे फार होतं, आणि पानांच्या कडा वर वळून होडीसारख्या झालेल्या दिसल्या की संशय पक्का. किडे नसतील तर बोरॉन या सूक्ष्म अन्नद्रव्याची कमतरता किंवा पाण्याची ओढाताण बघायची.

फूल पूर्ण उमललं, एक-दोन दिवस टिकलं आणि मग गळलं, तर परागीभवन झालं नाही किंवा उष्णतेनं पराग निकामी झाला. टोमॅटोत हे देठावरच वाचता येतं. फुलाच्या देठाला मध्यावर एक गाठ असते. फूल टवटवीत असतानाच त्या गाठीपासून पुढचा भाग पिवळा पडू लागला, की ते फूल दोन दिवसांत जाणार.

वेलभाज्यांत आणखी एक प्रकार दिसतो. मादी फुलामागचं बोटभर फळ दिसतं, आपण खूश होतो, आणि चार दिवसांत ते टोकाकडून पिवळं पडून सुकतं. हे फळ ‘गळलं’ असं आपण म्हणतो, पण ते मुळात धरलेलंच नव्हतं. मादी फुलामागे जन्मतःच बाळफळ असतं, पराग मिळाला तरच ते वाढतं. मात्र ते चिरून बघायला विसरू नका. आत पांढऱ्या अळ्या असतील किंवा सालीवर टोचल्याची खूण आणि डिंकासारखा थेंब असेल, तर ती फळमाशी आहे आणि तिचा उपाय वेगळा: धरलेल्या प्रत्येक फळाला लगेच कागदी किंवा पातळ कापडी पिशवी बांधायची, किडकी फळं कंपोस्टमध्ये न टाकता घट्ट बांधून फेकायची आणि बागेत क्यू-ल्यूरचा, म्हणजे फळमाशीला वासानं ओढणारा, सापळा टांगायचा.

नत्र जास्त झालं की झाड पाल्यावर जातं

इंदूरला खताचा वारसा मोठा आहे. ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ या काळात इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्रीत होते आणि काडीकचरा, शेण, माती यांचे थर रचून खत करण्याची त्यांची रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ म्हणूनच ओळखली जाते. आज ओला कचरा वेगळा काढणं शहराच्या अंगवळणी पडलंय आणि घरोघरी कंपोस्टचे डबे आहेत. ही फार चांगली गोष्ट आहे. अडचण इतकीच, की तयार झालेलं सगळं खत त्याच दहा-बारा कुंड्यांत जातं. वर गांडूळखत, वर मोहरीच्या पेंडीचं आंबवलेलं पाणी, वर कुणी सांगितलं म्हणून जीवामृत.

हिशेब करून बघा. मोहरीच्या पेंडीत साधारण ५ टक्के नत्र असतं. १०० ग्रॅम पेंड म्हणजे ५ ग्रॅम नत्र, म्हणजे जवळपास ११ ग्रॅम युरिया. निंबोळी पेंडीचंही तेवढंच, शेंगदाण्याच्या पेंडीत त्याहून जास्त, ७ टक्क्यांच्या आसपास. दर आठवड्याला एका कुंडीत मूठभर पेंड टाकणारा माणूस ‘मी युरिया वापरत नाही’ असं समाधानानं सांगतो, पण झाडाला मिळतं ते नत्रच. भरपूर नत्र मिळालं की झाड नवे शेंडे काढत राहतं, पानं गडद हिरवी आणि मऊ होतात, दोन पेरांतलं अंतर वाढतं. अशा झाडावर मावा आणि पांढरी माशीही आधी येते.

माजलेलं झाड ताळ्यावर आणायचं तर:

१. सगळी पेंड, शेणखत, गांडूळखत, जीवामृत चार ते सहा आठवडे बंद. अपवाद करायचा नाही.

२. कुंडीला खाली भोकं मोकळी असतील तर एकदाच भरपूर पाणी देऊन माती धुऊन काढा. २० लिटरच्या कुंडीला ३०-४० लिटर पाणी, हळूहळू, तासाभरात. हे रोज करायचं नाही, आणि जमिनीतल्या काळ्या मातीत तर मुळीच नाही, तिथे चिखल होऊन मुळं गुदमरतील.

३. नंतर पाण्याची पाळी लांबवा. वरची दीड इंच माती बोटाला कोरडी लागल्याशिवाय पाणी नको. पानं दुपारी थोडी मलूल झाली आणि संध्याकाळी सावरली तर घाबरू नका, सकाळीही मलूल असतील तर मात्र लगेच पाणी द्या.

४. कुंडीत कोकोपीट जास्त असेल तर दर १५ दिवसांनी पालाश द्या: सल्फेट ऑफ पोटॅश, म्हणजे ०-०-५०, लिटरला २ ग्रॅम, मोठ्या कुंडीला एक लिटर. जमिनीत काळी माती असेल तर याची सहसा गरज नाही. माळव्याच्या काळ्या मातीत पालाश मुळात चांगला असतो.

राख टाकू नका. चुलीची राख पालाशसाठी चांगली हे खरं, पण आंबट मातीत. आपली काळी माती चुनखडीची, सामू (pH) ७.५ ते ८.५, त्यात राखेनं तो आणखी चढतो आणि जस्त, लोह, बोरॉन मातीत असूनही झाडाला घेता येत नाहीत. अंड्याच्या टरफलांचा चुरा आणि एप्सम सॉल्टही फळधारणेसाठी उपयोगाचे नाहीत. एप्सम सॉल्टमध्ये मॅग्नेशियम असतं आणि त्याचा संबंध पानांच्या हिरवेपणाशी आहे, जो तुमच्याकडे आधीच भरपूर आहे.

पुढच्या हंगामासाठी कुंडी भरताना दोन भाग माती, एक भाग चांगलं मुरलेलं कंपोस्ट आणि एक भाग जाड वाळू किंवा कोकोपीट इतकं पुरे. टोमॅटो, वांगं, मिरची यांना १५-२० लिटरची कुंडी, दुधी-गिलकी-भोपळ्याला किमान ५० लिटरची. फुलं दिसेपर्यंत महिन्याला एक मूठ कंपोस्ट. फळं धरू लागली की पुन्हा महिन्याला एक-दोन मुठी. एवढ्यावर झाड उत्तम चालतं.

ऊन मोजा, अंदाज नको

फळभाजीला थेट ऊन सहा तास हवंच, आठ असेल तर उत्तम. चार तासांत पालेभाजी होईल, वेलही वाढेल, उलट उजेड शोधत जास्तच लांब वाढेल, पण फुलं कमी येतील आणि आलेली गळतील.

इथे ऋतूप्रमाणे सावली फार बदलते. इंदूर कर्कवृत्ताच्या जरासं दक्षिणेला आहे, त्यामुळे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि भिंतीच्या पायथ्यालाही ऊन मिळतं. डिसेंबरअखेर तोच सूर्य दुपारी साडेबाराला, म्हणजे दिवसातल्या सर्वांत उंच वेळी, ४४ अंशांवरच असतो. १० फुटी भिंतीची सावली तेव्हा उत्तरेला १० फूट पसरते. पावसाळ्यात छान उन्हात असलेला वाफा थंडीत पूर्ण सावलीत जातो, आणि टोमॅटोला फुलं येण्याचे दिवस नेमके तेच. म्हणून थंडीची फळभाजी दक्षिणेच्या भिंतीपासून किमान भिंतीच्या उंचीइतकी दूर ठेवा. सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ ते संध्याकाळी पाच दर तासाला कुंडीवर ऊन आहे का ते कागदावर लिहा. सहा खुणा झाल्या नाहीत तर कुंडी हलवा, बाकीचे उपाय नंतर.

दुधी, गिलकी, दोडका, भोपळा, काकडी, कारलं: हातानं परागीभवन

या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगळी असतात. आधी नर फुलं येतात, दहा-पंधरा दिवसांनी मादी. तोवर ‘फुलं येतात आणि गळतात’ म्हणून घाबरायचं कारण नाही, नर फूल एक दिवस जगून गळणारच. नर फूल लांब, बारीक देठावर असतं. मादी फुलाचा देठ आखूड आणि पाकळ्यांच्या मागे त्या-त्या भाजीचं छोटं रूप: दुधीत लवदार हिरवी बाटली, कारल्यात खडबडीत बोंड, काकडीत बारीक काटेरी बोट. दहा-पंधरा नरांमागे एक मादी असेल तरी ते नेहमीचंच आहे.

लांब दिवस, कडक ऊन आणि जास्त नत्र असेल तर नर फुलं वाढतात. दिवस लहान आणि हवा थंड होऊ लागली की माद्या वाढतात. म्हणून जुलैत नुसत्या नरांनी भरलेला वेल सप्टेंबरात आपोआप सुधारलेला दिसतो. शेतात दोन आणि चार पानांच्या अवस्थेत माद्या वाढवण्यासाठी इथेफॉन हे संजीवक फवारतात, घरच्या तीन-चार वेलांना त्याची गरज नाही. शेंडा खुडणं पुरतं. मुख्य वेलाला आठ-दहा पानं झाली की शेंडा खुडा. बगलेतून फुटलेल्या फांद्यांना आठ-दहा पानं झाली की त्यांचेही शेंडे खुडा. तिसऱ्या फुटीवर माद्या लवकर आणि जवळजवळ येतात. दुधी आणि कारल्यात हा फरक स्पष्ट दिसतो. काकडीची संकरित, बहुतांश मादी फुलांची जात असेल तर मुख्य खोड खुडू नका, त्या जातीत फळं त्याच खोडावर लागतात.

आता वेळेची गोष्ट, आणि सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. भोपळा, काकडी, कारलं आणि गिलकी पहाटे-सकाळी उमलतात. दुधी आणि दोडका म्हणजे तुरई संध्याकाळी. सकाळी नऊला बागेत जाऊन दुधीला हात लावणाऱ्याला आदल्या रात्रीचं मिटत आलेलं फूल मिळतं. दुधीचं परागीभवन रात्री उडणारे पतंग करतात. शहरात तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर ते कमीच येतात, त्यात रात्रभर जळणारा पांढरा दिवा त्यांना फुलाऐवजी आपल्याकडे ओढतो. गच्चीवरचा दिवा संध्याकाळी बंद ठेवता आला तर ठेवा. बाकी काम हातानं करायचं:

१. भोपळा, काकडी, कारलं, गिलकीसाठी सकाळी सहा ते आठ. दुधी, दोडक्यासाठी सूर्यास्ताच्या सुमारापासून साधारण आठपर्यंत.

२. त्याच वेळी उमललेलं ताजं नर फूल देठासकट तोडा. मधल्या पिवळ्या भागाला बोट लावून बघा. बोटाला पिवळी भुकटी लागली पाहिजे. नाही लागली तर दुसरं फूल घ्या.

३. नराच्या पाकळ्या सोलून काढा, फक्त देठ आणि मधला भाग ठेवा.

४. ताज्या मादी फुलाच्या मध्यभागी असलेली कुक्षी बघा. ती तीन पाळ्यांची असते आणि जराशी चिकट लागते. नराचा पराग तिन्ही पाळ्यांवर हलक्या हातानं फिरवा. एकाच पाळीवर लागला तर फळ धरतं, पण एका बाजूला वाकडं आणि टोकाला बारीक होतं.

५. एका मादीला शक्यतो दोन नर वापरा. दुसरं रोप असेल तर नर दुसऱ्या वेलाचा घ्या, नसेल तर त्याच वेलाचाही चालतो.

६. देठाला रंगीत दोरा सैल बांधा, म्हणजे कोणतं फूल केलं ते कळेल. चौथ्या दिवशी बाळफळ जाड झालेलं आणि देठ खाली झुकलेला दिसला की काम झालं.

पाऊस पडत असेल तर मादी फुलावर कागदी पिशवी उलटी घाला. भिजलेला पराग फुटतो आणि निकामी होतो. एकच वेल असेल तर नर आणि मादी एकाच संध्याकाळी उमलतील याची खात्री नसते, म्हणून दुधीचे दोन-तीन वेल पंधरा दिवसांच्या अंतरानं लावा.

तोंडलीला हा खटाटोप लागत नाही. तिचे वेल खोडाच्या तुकड्यांपासून लावतात, ते मादीच असतात आणि पराग नसतानाही फळ धरतात. परवल आणि करटोली, म्हणजे बाजारातला ककोडा, यांचं मात्र उलट: नर वेल वेगळा, मादी वेल वेगळा. एकच वेल आणून लावला असेल तर तो नर असेल तर कधीच फळणार नाही, आणि मादी असेल तरी एकटा फळणार नाही. दहा मादी वेलांना एक नर पुरतो. घरी लावताना रोपवाल्याकडून नर-मादी दोन्हींचे कंद किंवा कलम मागून घ्या.

टोमॅटो, वांगं, मिरची: फूल हलवायचं

टोमॅटो आणि वांग्याच्या फुलात नर-मादी भाग एकत्रच असतात, तरी पराग सहज बाहेर येत नाही. वांग्याचं जांभळं फूल उलटं धरून बघा. मध्ये पिवळ्या केसरांचा शंकू असतो आणि प्रत्येक केसराच्या टोकाला एक बारीक छिद्र. पराग तिथूनच बाहेर पडतो, आणि तोही केसर थरथरला तरच. काळा मोठा भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची माशी फुलाला लटकून पंखांचे स्नायू थरथरवतात, तेव्हा तो झडतो. नेहमीच्या मधमाशीला हे जमत नाही, त्यामुळे बागेत मधमाश्या असूनही वांगी कमी लागलेली दिसतात.

हे काम विजेच्या टूथब्रशनं नेमकं होतं. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान, हवा कोरडी असताना, ब्रशची मागची बाजू फुलाच्या देठाला टेकवा, फुलाला नव्हे, आणि दोन-तीन सेकंद चालू ठेवा. टोमॅटोच्या झुबक्याखाली काळा कागद धरलात तर पिवळी धूळ पडलेली दिसेल. एक दिवसाआड करा. ब्रश नसेल तर झुबक्याच्या मागच्या दांडीवर बोटानं पाच-सहा टिचक्या मारा. मिरचीला नुसतं झाड हलवलं तरी पुरतं.

वांग्यात आणखी एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे उगाच जीव टांगणीला लागणार नाही. त्याची सगळी फुलं फळ धरण्यासाठी नसतातच. ज्या फुलात मधली हिरवट कुक्षी पिवळ्या शंकूच्या बाहेर डोकावते किंवा निदान त्याच्या टोकाला येते, तेच फूल फळ धरतं. कुक्षी शंकूच्या आत दडलेली असेल तर ते फूल गळणार, कितीही हलवा. अशी आखूड कुक्षीची फुलं उष्णतेत, झाड उपाशी असताना किंवा झाडावर आधीच बरीच वांगी लटकलेली असताना वाढतात. तयार वांगी वेळेवर तोडली की पुढच्या फुलांत लांब कुक्षीचं प्रमाण वाढलेलं दिसतं.

उंच वाढणाऱ्या टोमॅटोच्या बगलफुटी दर आठवड्याला काढा, दोन खोडं ठेवा. बुटक्या, झुडपी जातीत बगलफुटी काढू नका, तिथे त्यांनाच फळं लागतात. बियांच्या पाकिटावर जात लिहिलेली असते, ती आधी वाचा.

रात्रीचं तापमान टोमॅटोचा निकाल लावतं

टोमॅटोला फळ धरायला रात्री १५ ते २१ अंश हवेत. रात्र २४ अंशांच्या वर गेली किंवा दुपार ३५ च्या वर, की पराग निकामी होतो. रात्र १३ च्या खाली गेली तरी पराग नीट तयार होत नाही. ‘शब-ए-मालवा’ म्हणून इथल्या रात्रींचं कौतुक आहे, आणि टोमॅटोच्या बाबतीत ते रास्त आहे: ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि फेब्रुवारी ते मार्चचा मध्य हे इंदूरला फळधारणेचे सर्वांत चांगले दिवस. डिसेंबर-जानेवारीत रात्र १० अंशांपर्यंत उतरते तेव्हा फुलं थांबल्यासारखी होतात. त्या दिवसांत कुंड्या बागेच्या उत्तरेकडच्या, म्हणजे दक्षिणेकडे तोंड असलेल्या आणि दिवसभर तापणाऱ्या भिंतीलगत सरकवा, भिंतीची ऊब पहाटेपर्यंत पुरते. एप्रिलनंतर टोमॅटोशी झगडण्यात अर्थ नाही. मिरची आणि वांगं तग धरतात, पण ११ ते ४ या वेळात ५० टक्क्यांची हिरवी जाळी वर हवी.

यावरून पेरणी ठरते. टोमॅटोचं बी ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलं तर रोप सप्टेंबरात लागतं आणि पहिला बहर बरोबर ऑक्टोबरअखेर येतो. ऑक्टोबरात पेरलेल्या रोपाची फुलं नेमकी जानेवारीच्या थंडीत सापडतात. उन्हाळी दुधी, काकडी, गिलकी फेब्रुवारीत पेरा, म्हणजे मे महिन्याची लू सुरू होण्यापूर्वी एक-दोन तोडे हाती लागतात.

गच्चीवर हवेपेक्षा फरशी जास्त तापते. कुंड्या थेट फरशीवर न ठेवता विटांवर ठेवा, काळ्या कुंड्यांना बाहेरून चुना लावा आणि मातीवर गव्हाच्या काडाचा दोन इंचांचा थर द्या. मूळ तापलं की झाड पाणी असूनही फूल टाकतं.

वाल लावलाय, फुलंच नाहीत

इथल्या बाजारातली बालोर, म्हणजे आपला वाल, त्याच्या जुन्या वेली जाती दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाहीत. जूनमध्ये लावलेला वेल ऑक्टोबरपर्यंत मांडव भरून टाकतो आणि फूल देत नाही, हे त्याच्या स्वभावाला धरूनच आहे. उपटू नका. पाणी कमी करा, खत मुळीच देऊ नका, थंडीत शेंगा येतील. शेजारी रात्रभर रस्त्यावरचा प्रखर दिवा वेलावर पडत असेल तर फुलोरा उशिरा येतो, त्यामुळे जागा निवडताना तेही बघा. घेवडा, चवळी, भेंडी स्वतःच फळ धरतात, त्यांना परागासाठी काही करावं लागत नाही. भेंडी थंडीत थांबते, एवढंच.

पाणी, बोरॉन आणि फवारणी

नर्मदेचं पाणी अनेक वस्त्यांत एक दिवसाआड येतं, मधल्या दिवशी बोअरचं. बोअरचं पाणी जड असेल तर कुंडीच्या कडेला पांढरा थर जमतो. तो दिसला की पावसाच्या किंवा नर्मदेच्या पाण्यानं महिन्यातून एकदा कुंडी धुऊन काढा. काळ्या मातीत एक दिवस चिखल आणि चार दिवसांनी भेगा, असं झालं की फुलं हमखास गळतात. फुलोऱ्यात ओल सारखी राहायला हवी, जास्त नव्हे.

चुनखडीच्या मातीत बोरॉन कमी पडतो. नवे शेंडे जाड, ठिसूळ आणि वाकडे, कळ्या काळपट होऊन गळतात, फळ धरलं तरी आत पोकळ. २० टक्के बोरॉनची पावडर लिटरला १ ग्रॅम, कळ्या दिसू लागल्यावर एकदा आणि पंधरा दिवसांनी दुसऱ्यांदा, संध्याकाळी पानांवर फवारा. तिसरी फवारणी नको. बोरॉनची गरज आणि विषबाधा यांत अंतर फार थोडं आहे. जास्त झाला तर जुन्या पानांच्या कडा जळतात आणि तो मातीतून लवकर जात नाही. स्वयंपाकघरातल्या चमच्यानं अंदाजे घालू नका, छोटा वजनकाटा वापरा.

मिरचीची फूलगळ हवेमुळे असेल, फुलकिडे नसतील, तर एनएएचं संजीवक, बाजारात प्लॅनोफिक्स नावानं मिळणारं ४.५ टक्क्यांचं, साडेचार लिटर पाण्यात १ मिली, एकदा फवारता येतं. प्रमाण दुप्पट केलं तर उलट फुलं झडतात.

कोणतीही फवारणी, अगदी निंबोळी तेलाचीही, उमललेल्या फुलांवर आणि सकाळी करू नका. फुलं मिटल्यावर संध्याकाळी करा. दुधी-दोडक्याचं फूल संध्याकाळीच उमलतं, म्हणून त्या वेलांवर फवारणी सकाळी दहानंतर, ऊन कडक व्हायच्या आत. इमिडाक्लोप्रिडसारखी आंतरप्रवाही, म्हणजे झाडात भिनणारी, कीटकनाशकं फुलोऱ्यात देऊच नका, ती परागात उतरतात आणि मधमाश्या बागेकडे फिरकत नाहीत किंवा मरतात. तुळशीच्या मंजिऱ्या खुडणं थांबवा, दोन-चार कोथिंबिरी आणि बडीशेप फुलावर येऊ द्या, एकेरी पाकळ्यांचा झेंडू लावा. कोपऱ्यात वाळलेल्या बांबूचे तुकडे आडवे बांधून ठेवले तर भुंगे त्यात घर करतात. तुळस फुललेल्या गच्चीवर वांगी आणि टोमॅटो नीट धरतात, हे एकदा करून बघण्यासारखं आहे.

फळं धरू लागल्यावर

पहिलं मादी फूल वेल फार लहान असताना, चार-पाच पानांवर आलं तर खुडून टाका, वेल आधी सावरू द्या. नंतर फळ मोठं करण्याचा मोह आवरा. दुधी धरल्यापासून साधारण १२ ते १५ दिवसांत, साल नखानं सहज टोचली जाते तेव्हाच तोडा. काकडी त्याहून लवकर, आठ-दहा दिवसांत. गिलकी आत दोरे धरायच्या आत. एक फळ जून होऊ दिलं की त्यातल्या बिया सगळं अन्न ओढून घेतात आणि वरच्या माद्या पिवळ्या पडू लागतात. बी ठेवायचं असेल तर हंगामाच्या शेवटी, एका वेलावर एकच फळ ठेवा, आणि ते संकरित जातीचं असेल तर ठेवू नका. घरच्या बियाण्याच्या दुधीचा पहिला तुकडा कच्चा चाखून बघा. कडू लागला तर थुंकून टाका, तो दुधी शिजवायचा नाही, त्याचा रस तर मुळीच नाही, आणि तो वेल मुळापासून काढून टाका.